३०० ओहम आणि सकाळची फास्ट

नव्या फोनला हेडफोनची पिन लावायला भोकच नसतं, ही तक्रार आता जुनी झाली. ॲपलने २०१६ साली आयफोन ७ मधून ते काढून टाकलं, मग एकेक करत बाकीच्यांनीही काढलं. त्यावर तोडगा म्हणून टाईप-सीला लावायचं बोटभर डोंगल आलं, आणि त्या डोंगलच्या मागोमाग एक अख्खा बाजार आला. स्टेशनबाहेरच्या गाळ्यात शंभर-दीडशे रुपयांना मिळणाऱ्या जोडणीपासून ते काडेपेटीएवढ्या, पण पंधरा-वीस हजारांच्या धातूच्या डब्यांपर्यंत सगळेच स्वतःला डॅक म्हणवतात. ठाण्यात काय किंवा डोंबिवलीत काय, गाण्याचा शौक असलेला माणूस या बाजारात शिरला की त्याला पहिल्यांदा चिपांची नावं ऐकवली जातात. कुणी ईएसएस म्हणतं, कुणी सिरस लॉजिक, कुणी एकेएम.

मला कुणी विचारलं तर मी उलट दोन प्रश्न विचारतो. कानाला काय लावता? आणि ऐकता कुठे? या दोहोंची उत्तरं मिळाली की निवड जवळजवळ झालेली असते. चिपचं नाव राहिलं तरी बिघडत नाही.

आधी हा डबा करतो काय ते पाहू. फोनमधलं गाणं आकड्यांच्या रूपात असतं. सीडीच्या दर्जाच्या गाण्यात दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनिलहरीची उंची मोजून ठेवलेली असते, आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवलेलं असतं. हे आकडे वाचून त्यांचा पुन्हा सलग चढता-उतरता विद्युतदाब करायचा, हे डॅकचं काम. त्या दाबाला हेडफोनचा पडदा हलवण्याइतकं बळ द्यायचं, हे ॲम्पचं. जुन्या फोनमध्येही ही जोडी होतीच, फक्त फोनच्या पोटात होती. आता ती बाहेर, तारेच्या टोकाला आली.

इथेच पहिली फसगत होते. त्या स्वस्त जोडण्यांपैकी काहींच्या आत डॅक नसतोच, नुसत्या तारा असतात. काही फोन टाईप-सीमधून थेट ॲनालॉग आवाज बाहेर सोडतात, त्यांना अशी जोडणी चालते. पिक्सेलला किंवा अलीकडच्या सॅमसंगला ती लावली तर ढिम्म आवाज येत नाही. विकणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या फोनवर ती चाललेली असते. म्हणून घेताना आपलाच फोन पुढे करायचा आणि तिथल्या तिथे गाणं लावून बघायचं.

दुसरी फसगत आकड्यांची. खोक्यावर मोठ्या अक्षरात ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ असं छापलेलं असतं. एक बिट वाढला की सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर साधारण ६ डेसिबलने वाढतं. म्हणजे सीडीच्या १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबल मावतात. सेकंदाला ४४,१०० मोजमापांत २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर पुरेपूर बसतात, आणि तरुण कानाची मजल २० किलोहर्ट्झपर्यंत. चाळिशीनंतर ती बरीच खाली येते. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला २४ बिटांचा उपयोग असतो, कारण त्याला पुढे काटछाट करायची असते. ऐकणाऱ्यासाठी सीडीच्या पलीकडचे आकडे हे बहुतेक खोक्याची शोभा. आज नावाजलेल्या कंपन्यांच्या दोन-तीन हजारांच्या डोंगलमधला डॅकसुद्धा कानाला ऐकू येईल एवढी चूक करत नाही. आकड्यांपासून दाब तयार करण्याचा प्रश्न सुटल्यातच जमा आहे.

आता ते ९६ डेसिबल घेऊन कल्याणहून सुटणाऱ्या फास्ट लोकलमध्ये चढा. खिडक्या उघड्या, पंखे चालू, रुळांचा खडखडाट, शेजारून उलट दिशेची गाडी. आत ८० डेसिबलचा गोंगाट धरला तरी तो कमीच धरल्यासारखं होईल. एखादा ख्याल लावलात, त्यातल्या आलापीचा हळुवार भाग तुमच्या कानाशी ५५ डेसिबलने येत असेल, तर तो या गोंगाटाखाली पूर्ण बुडाला. तानपुरा तर गेलाच. मग माणूस काय करतो, आवाज वाढवतो. आलापी ऐकू यायला लागते तोवर तान शंभरीला पोचलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांच्या कानांसाठी घालून दिलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे. त्यानंतर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला पाच, ९२ ला अडीच. डोंबिवली किंवा कल्याणहून मुंबईला रोज जाणाऱ्याचे येऊन-जाऊन दोन तास गाडीत जातात, आठवड्याचे पाच दिवस धरले तर १० तास. म्हणजे डब्यातल्या गाण्याची सरासरी ८६ च्या वर गेली की आठवड्याचा सगळा साठा तिथेच संपला; घरी येऊन ऐकायला काही उरलं नाही. ८० च्या गोंगाटावर गाणं स्वच्छ ऐकायचं तर ९० च्या पुढे जावंच लागतं. या हिशेबात डॅक कुठेच येत नाही. चांगला ॲम्प घेतलात तर फक्त कान लवकर खराब करण्याची सोय होते.

त्यामुळे गाडीत ऐकायचं असेल तर पहिले पैसे गोंगाट अडवण्यावर घालावेत. कानाच्या भोकात नीट बसणारा इअरफोन, योग्य मापाची रबरी किंवा फोमची टोपी, एवढ्यानेच २० डेसिबलच्या आसपास आवाज बाहेर राहतो. गोंगाट ८० वरून ६० वर आला की गाणं ७५ वरही सुखाने ऐकू येतं. खोक्यात तीन-चार मापांच्या टोप्या दिलेल्या असतात. बहुतेक जण मधलं माप लावून बाकीच्या फेकून देतात. दोन्ही कानांना वेगवेगळं माप लागणं अगदी नेहमीचं आहे. बेस येत नाही अशी तक्रार असेल तर नवा ॲम्प शोधण्याआधी टोपी बदलून पाहावी, कारण फट राहिली की सर्वांत आधी खर्जच निसटतो.

वायरलेस इअरबड्समधल्या नॉइज कॅन्सलेशनचंही इथे सांगायला हवं. बाहेरचा आवाज माइकने ऐकून त्याच्या नेमकी उलटी लहर कानात सोडायची, असं ते तंत्र. सावकाश हेलकावणाऱ्या, सलग चालणाऱ्या आवाजावर ते छान चालतं. मोटारीची घरघर, पंख्याची घूं-घूं बरीचशी पुसली जाते. वरच्या पट्टीतला, अचानक उठणारा आवाज त्याच्या हाती लागत नाही. त्यामुळे मध्य रेल्वेच्या डब्यात सकाळी भजनी मंडळ बसलं असेल तर गाडीचा खडखडाट जातो आणि झांज तेवढी शिल्लक राहते. (ती अडवावी की ऐकावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न.) २०२० च्या अखेरीस मुख्य मार्गावर एसी लोकल सुरू झाली. तिच्या बंद दारांनी हे सगळं थोडं सोपं केलं आहे, पण तिच्या फेऱ्या मोजक्या आणि तिकीट महाग.

आणि एक, दारात उभे असाल किंवा फलाटावर चालत असाल तेव्हा कान मोकळे ठेवा. रूळ ओलांडणाऱ्याला तर मी डॅकबद्दल काही सांगणारच नाही.

आता घराकडे वळू, कारण ॲम्पचा खरा विषय घरातला आहे. रात्री दहानंतर डोंबिवलीच्या इमारतीत स्पीकरवर मोठा ख्याल लावायची सोय नसते. एका भिंतीआड शेजारी, दुसऱ्या भिंतीआड दहावीचा अभ्यास. हेडफोन हाच मार्ग उरतो. शौक वाढला की माणूस कानावरून बसणाऱ्या मोठ्या, उघड्या पाठीच्या हेडफोनपर्यंत पोचतो. सेनहायझरचा एचडी ६०० हे त्यातलं जुनं नाव, १९९७ पासून बाजारात आहे. असला हेडफोन फोनला लावला की आवाज दबका येतो, आणि तेव्हा ॲम्पचा शोध सुरू होतो.

इथे शाळेतला ओहमचा नियम पुरतो. हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात. एक इम्पीडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, ओहममध्ये. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एक मिलीवॅट शक्ती दिली तर किती डेसिबल आवाज. शक्ती दहापट केली की १० डेसिबल वाढतात, हे लक्षात ठेवायचं. आता ३०० ओहमचा, मिलीवॅटला ९७ डेसिबल देणारा हेडफोन धरू. एचडी ६०० साधारण याच घरातला. फोनच्या डोंगलने अर्धा व्होल्ट दिला, तर दाबाचा वर्ग भागिले विरोध या हिशेबाने शक्ती होते ०.८ मिलीवॅट, आणि जास्तीत जास्त आवाज ९६ डेसिबल. हा शिखराचा आवाज झाला. शास्त्रीय संगीतात सरासरी शिखराच्या १५-२० डेसिबल खाली असते. म्हणजे पूर्ण आवाज लावूनही सरासरी ७८ च्या आसपास. ऐकू येतं, पण हात आवाजाच्या बटणावरून हलत नाही. एक व्होल्टचं डोंगल लावलं तर शिखर १०२. दोन व्होल्टचं लावलं तर १३ मिलीवॅट, १०८ डेसिबल. दोन व्होल्ट देणारी डोंगलं चार-पाच हजारांच्या आत मिळतात. एवढ्यावर भागतं. त्यापुढची ताकद या हेडफोनला वापरताच येत नाही.

प्लॅनर जातीच्या हेडफोनची गोष्ट वेगळी. त्यांच्यात कॉइलऐवजी सपाट पातळ पडदा असतो. समजा असा एक ३७ ओहमचा, मिलीवॅटला ९४ डेसिबल देणारा आहे. त्यालाही १०८ वर न्यायचं तर २५ मिलीवॅट लागतील. दाब मात्र एकच व्होल्ट पुरतो, पण प्रवाह २६ मिलीअँपियर हवा; ३०० ओहमवाल्याला जेमतेम सात लागत होते. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीसारखंच आहे हे: एकाला टाकी उंच हवी, दुसऱ्याला नळ जाड. म्हणून ‘ह्या ॲम्पची ताकद किती’ हा प्रश्न अर्धाच आहे. किती ओहमवर किती, असं विचारावं लागतं. चांगली कंपनी ३२ ओहमवर इतके आणि ३०० ओहमवर इतके मिलीवॅट, असे दोन्ही आकडे छापते. एकच भला मोठा आकडा छापला असेल आणि शेजारी ओहम नसेल, तर ते खोकं परत ठेवावं.

सेन्सिटिव्हिटीच्या आकड्यातही एक मेख आहे. काही कंपन्या तो मिलीवॅटला देतात, काही व्होल्टला. ३२ ओहमच्या हेडफोनला एक व्होल्ट म्हणजे ३१ मिलीवॅट, त्यामुळे मिलीवॅटला १०० डेसिबल आणि व्होल्टला ११५ डेसिबल हे एकच हेडफोन असतात. ११५ वाला जास्त मोठा वाजेल म्हणून तो घेणारे लोक आहेत. एककाकडे बघायची सवय लावून घ्यावी.

कानात बसणाऱ्या छोट्या इअरफोनचा हिशेब केला तर हसू येतं. १६ ओहम, मिलीवॅटला ११० डेसिबल. ८५ डेसिबलला, म्हणजे मोठ्याने ऐकायला, त्याला ०.००३ मिलीवॅट लागतात. दाब सात हजारांश व्होल्ट. पाचशे मिलीवॅटचा ॲम्प त्याला लावला तर आवाजाच्या पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच कान भरतात आणि गाणं थांबलं की मागची सूंऽ सूंऽ ऐकू येते. अशा इअरफोनला ताकद नको, शांतता हवी. साधं डोंगल त्याला उत्तम. मोठा ॲम्प घ्यायचाच असेल तर त्याला गेन कमी करायचं बटण असावं.

आणखी एक बारीक आकडा असतो, ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स. तो हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, असा ढोबळ नियम. १६ ओहमच्या इअरफोनला दोन ओहमच्या आत. एका कानात चार-सहा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे छोटे भाग, भरलेल्या इअरफोनचा विरोध सुरागणिक बदलतो. ॲम्पचा आकडा मोठा असला तर त्यांचा स्वभावच बदलतो, कुठे खर्ज फुगतो, कुठे वरचं सप्तक मंदावतं. ॲपलचं साधं डोंगल या बाबतीत फार चांगलं आहे, एका ओहमच्या आसपास. ते सुमारे एक व्होल्ट देतं, युरोपात विकलं जाणारं अर्धाच. मात्र अँड्रॉइडच्या कित्येक फोनांवर ते पूर्ण आवाज देत नाही, तेव्हा मित्राच्या आयफोनवर ऐकून विकत घेऊ नका.

४.४ मिलिमीटरची जाड पिन, म्हणजे बॅलन्स्ड आउटपुट, हा सध्याचा फॅशनचा विषय. दोन्ही कानांना दोन-दोन ॲम्प जोडलेले असतात, त्यामुळे दाब दुप्पट आणि शक्ती कागदावर चौपट होते. तुमच्या हेडफोनला ती शक्ती लागत असेल तर घ्या. आवाज ‘मोकळा’ होतो म्हणून घेऊ नका. तसा तो वाटतो कारण तो मोठा झालेला असतो, आणि किंचित मोठा आवाज नेहमीच जास्त चांगला वाटतो. दोन ॲम्पची तुलना करायची तर दोघांचा आवाज सारखा लावून, कुठला चालू आहे ते न बघता करावी. घरातल्या कुणालातरी तारा बदलायला बसवायचं. बरेचसे फरक तिथेच मावळतात.

गर्दीत तार हा स्वतंत्र त्रास आहे. डोंबिवलीला चढताना कुणाच्या सॅकमध्ये ती अडकली की डोंगल नाही तर फोनचं टाईप-सी भोक, दोहोंपैकी एक वाकतं. भोक बदलण्याचा खर्च डोंगलहून जास्त येतो. नियमित प्रवास करणाऱ्याने खिशाला अडकवायचा ब्लूटूथ डॅक घ्यावा. फिओ, क्युडेलिक्स यांचे मिळतात. फोन बॅगेत, डबी खिशाला, तार हातभर. सोनीचं एलडॅक कोडेक, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवायची पद्धत, सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत नेतं, सीडीला १४११ लागतात. स्टेशनच्या गर्दीत तेही ६६० किंवा ३३० वर उतरतं. आयफोन एएसीच बोलतो. डब्यातल्या गोंगाटात यातला फरक ओळखणारा मला भेटायचा आहे. घरी हीच डबी तारेने लॅपटॉपला लावता येते, म्हणून मला ती नुसत्या डोंगलपेक्षा सोयीची वाटते.

लॅपटॉपला लावल्यावर हेडफोनमध्ये घुमल्यासारखा आवाज यायला लागला तर डॅकला दोष देण्याआधी चार्जरची पिन काढून बघा. आवाज गेला तर गडबड अर्थिंगची. जुन्या इमारतींत तीन भोकांच्या सॉकेटमागे तिसरी तार नसणं काही नवीन नाही. ती इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, कारण प्रश्न नुसत्या गाण्याचा नाही.

आता ऐकण्याच्या मालाबद्दल. आपल्या नाट्यसंगीताचं, जुन्या मैफलींचं कितीतरी भांडार आज फक्त यूट्यूबवर आहे, तेही कॅसेटवरून किंवा तबकडीवरून उतरवलेलं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत वरचे सूर मुळात उतरलेलेच नाहीत. त्यावर वीस हजारांचा डॅक लावला तर खरखर जास्त स्पष्ट ऐकू येईल, इतकंच. ॲपल म्युझिकवर २०२१ पासून जादा पैसे न देता लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेलं गाणं मिळतं. तिथली नंतरच्या काळातली, स्टुडिओतली ध्वनिमुद्रणं मात्र चांगल्या हेडफोनवर खरंच उलगडतात. अँड्रॉइडची यंत्रणा बहुतेक वेळा सगळं ४८ किलोहर्ट्झवर बदलून पुढे पाठवते. ते खटकत असेल तर यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रोसारखं ॲप ती वाट टाळतं. मला स्वतःला ते खटकत नाही.

कसोटीला मी तानपुरा सुचवेन. घोडीवरच्या तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावली की एका तारेतून वरच्या सुरांचं जे मोहोळ उठतं, ते नीट वाजवणं हेडफोनची खरी परीक्षा असते. पण त्यासाठी खरा तानपुरा जवळून ऐकलेला हवा. कल्याणला गायन समाज आहे, ठाणे-डोंबिवलीत घरगुती बैठका होतात. माइक नसलेल्या बैठकीत पुढे बसून एकदा ऐका आणि मग हेडफोन निवडा. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर माल मिळतो, ऑनलाइनही मिळतो, पण कानाला लावून बघायची सोय कुठेच फारशी नाही. त्यामुळे परत घेण्याची मुदत किती, हे किमतीइतकंच महत्त्वाचं.

पाच हजार रुपये असतील तर चार हजारांचा इअरफोन आणि हजाराचं डोंगल घ्या. पंचवीस असतील तर वीस हेडफोनवर घाला. फोनवर तुमच्या हेडफोनचा आवाज निम्म्या पट्टीतच पुरत असेल तर ॲम्प घेऊच नका. आणि जे घ्याल त्याचं जीएसटीचं पक्कं बिल मागा. पावसाळ्यात पिना काळवंडून एक कान बंद पडला तर वॉरंटीसाठी तेच दाखवावं लागतं.